नट एक बाजू मागे : जुन्या फोर-व्हील जीपच्या पुढच्या बेअरिंगची देखभाल

आमच्याकडची जीप विलीजच्या घराण्यातली, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) असलेली. नारळ, चिरे, आंब्याच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिने ओढलंय. पावसाळ्यात गावात जायचं तर दोन पऱ्हे (ओढे) ओलांडावे लागतात आणि दोन्हींत पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, वर येतं. म्हणून पुढच्या चाकांची बेअरिंगं दरवर्षी उघडायची, हा घरचा नियम. आम्ही ते काम खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात करतो. पाऊस संपत आलेला असतो, आणि पूजेला गाडी धुऊन उभी करायची तर हबमधला चिखलही निघावा.

इथे जे सांगतोय ते या जातीच्या गाड्यांसाठी : हबमध्ये दोन टेपर बेअरिंग, आत पोकळ स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो न फिरणारा दांडा), बाहेर दोन नट. बऱ्याच नव्या गाड्यांत सीलबंद युनिट येतं. त्यात भरायचं काही नसतं, आवाज आला की अख्खं बदलायचं. तशी गाडी असेल तर तपासणीचा भाग तेवढा वाचा, बाकीचा सोडा.

आत काय असतं

टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन याने १८९८ साली घेतलं, आणि तो घोडागाड्या बनवणारा माणूस होता. वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा ही गाडीवानाची जुनी डोकेदुखी. तिरके रोलर वरून येणारा भारही पेलतात आणि बाजूचा रेटाही. मात्र एक टेपर बेअरिंग रेटा एकाच दिशेने घेतं. म्हणून हबमध्ये दोन बसवतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, एकमेकांच्या उलट तोंडाने. दोन्हींमध्ये किती मोकळीक राहील हे नट ठरवतो. गॅरेजमध्ये बाहेरच्या कडीला कप म्हणतात, आणि रोलरसकट आतल्या भागाला कोन.

टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत स्पिंडल भरीव असतो, टोकाला खाचांचा नट आणि त्यात कॉटर पिन. फोर-व्हीलला ते चालत नाही, कारण स्पिंडलच्या पोटातून एक्सलचा शाफ्ट बाहेर यायला हवा. त्यामुळे स्पिंडल पोकळ, त्यावर मोठ्या व्यासाचे दोन चपटे नट, आणि मधे जीभ असलेली लॉक वॉशर. आतला नट बेअरिंगची मोकळीक ठरवतो, बाहेरचा त्याला जागेवर धरतो. शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. गाडीचा भार असतो बेअरिंगवर. म्हणूनच बेअरिंग गेलं की चाकच हलतं.

पाणी आत शिरतं त्याची मोठी वाट मागच्या सीलमधून. घाट उतरून आलेली गाडी थेट पऱ्ह्यात घातली तर ब्रेकने तापलेला हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. दहा मिनिटं थांबून गाडी पाण्यात घातली तर निम्मा त्रास वाचतो, पण वऱ्हाड घाईत असतं. खाडीचं खारं पाणी असेल तर वर्षाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात उघडा.

आधी खात्री करा की दोष बेअरिंगचाच आहे

चालत्या गाडीत घरघर येत असेल तर रिकाम्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग संशयित. जाड नक्षीचे टायर असतील तर तेही घरघरतात, पण त्यांचा आवाज डांबरीवरून मातीत उतरल्यावर बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही.

आता गाडी सपाटीला लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढचा एक्सल जॅकने उचला आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. जॅकवर विसंबून चाकाशी झोंबू नका. ट्रान्सफर केसचा (पुढच्या एक्सलला ताकद देणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा टू-व्हीलमध्ये टाका आणि हब लॉक (चाक शाफ्टला जोडणारी-सोडणारी कळ) बसवलेले असतील तर ते फ्री करा, नाहीतर एक्सलमधल्या डिफरन्शियलच्या गिअरांचा आवाज बेअरिंगच्या माथी मारला जाईल. चाक वर आणि खाली, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी, धरून आत-बाहेर हलवा. जाणवेल असा प्ले (ढिलेपणा) आला की बहुतेक जण म्हणतात, ‘बेरिंग गेलं.’

थांबा. या गाड्यांत किंग पिनची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खुंट्यांची, बेअरिंगं झिजली तरी चाक असंच हलतं. दोन्हींतला फरक ओळखायला पैसा लागत नाही. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, कारण ड्रम आणि स्पिंडल आता एकमेकांना बांधले गेलेत. ब्रेक दाबूनही चाक हलतंय तर दुखणं किंग पिनमध्ये आहे. मग हब खोलून काही मिळणार नाही. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकांचा प्लेही त्यात मिसळतो, म्हणून मी आधी बारा-सहाच बघतो.

मग चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर ठेवा. खरखरीत कंप लोखंडातून हातात येतो, तो कानाला ऐकू यायच्या आधीच.

सामान

नेहमीचे पाने सगळ्यांकडे असतात. वेगळा लागतो तो मोठ्या नटाचा बॉक्स पाना, पातळ नट धरू शकेल असा. तो नसेल तर काम सुरूच करू नका. छन्नी टेकवून हातोड्याने नट फिरवायची पद्धत रस्त्याकडेला सर्रास चालते. तिने नटाचे कोपरे जातात, स्पिंडलचे आटे दुखावतात, आणि मुख्य म्हणजे नट किती आवळला हे कुणालाच कळत नाही. आपल्या नटाचं माप घेऊन पाना विकत घ्या किंवा जाड पाइपाच्या तुकड्यातून बनवून घ्या.

याशिवाय : टॉर्क रेंच, सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड, पितळी किंवा मऊ लोखंडाचा पंच, लाकडाचा ठोकळा, डिझेल, न सुटणाऱ्या धाग्याचं फडकं, नवं ऑइल सील, नवी लॉक वॉशर, फ्लँजची (हबच्या तोंडावरच्या चकतीची) गॅस्केट.

ग्रीसबद्दल दोन शब्द जास्त. डबा ‘व्हील बेअरिंग’ लिहिलेला घ्या : लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं. पाट्यांच्या शॅकल-पिनांना मारायचं साधं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस इथे चालत नाही, ते शंभर अंशांच्या आसपास वितळतं, आणि घाट उतरताना ब्रेक ड्रमजवळचा हब त्याच्या जवळ सहज पोचतो. दोन जातींची ग्रीस एकत्र करू नका. काही एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळतात. रंगावरून जात ओळखता येत नाही. निळा, लाल, पिवळा हा कंपनीने घातलेला रंग असतो.

खोलणं

चाक काढा. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असू शकतात. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावर एल अक्षर कोरलंय का ते पुसून बघा. त्या हट्टात आमच्याकडे दोन स्टड तुटलेत.

हबच्या टोकाला टोपी असेल तर ती, हब लॉक असेल तर तो काढा. आत शाफ्टच्या टोकावर सर्कलिप किंवा नट असतो. मग फ्लँजचे बोल्ट. फ्लँज चिकटलेला असतो, त्याच्या कडेवर लाकूड ठेवून हलकेच फिरवत ठोका. मागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) निघाले तर किती आणि कोणत्या क्रमाने ते लिहा, शाफ्टची मोकळीक त्यांच्यावर असते. प्रत्येक वस्तू जुन्या वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे मांडत जा आणि मोबाइलने फोटो काढा.

आता दोन नट दिसतील. लॉक वॉशरची वाकवलेली कड पंचाने सरळ करा, बाहेरचा नट काढा, वॉशर काढा, मग आतला नट. ब्रेकचे ॲडजस्टर ढिले करा, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमच्या कडेत अडकून हब बाहेर येणार नाही. हब ओढताना बाहेरच्या बेअरिंगवर अंगठा ठेवा. ते आधी निसटतं आणि बरोबर मातीतच पडतं.

ब्रेकवरची काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरनेही उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आतलं बेअरिंग सीलच्या मागे असतं. सील उचकटून काढा आणि फेकून द्या. ‘चांगलंच आहे की’ म्हणून परत बसवलेलं सील पुढच्या पावसाळ्यात लायनरवर ग्रीस आणतं, आणि मग ब्रेक एका बाजूला ओढतो.

धुणं आणि वाचणं

जुनं ग्रीस पुसण्याआधी बघा. दुधी, चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर चमचमणारी कणी लागली तर लोखंड झिजतंय. मग बेअरिंग, कप, हबचं पोट, स्पिंडल, सगळं डिझेलने स्वच्छ धुवा आणि कोरडं करा. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगाला फुटतं आणि रोलर गोळीसारखा सुटतो.

आता उन्हात धरून एकेक रोलर आणि कप बघा, नखाने चाचपा. पृष्ठभाग राखाडी आणि गुळगुळीत असेल तर परत वापरा. पोपडे निघाले असतील, खड्डे असतील तर संपलं. निळी-जांभळी झाक म्हणजे तापलंय. लोखंडाचा कडकपणा गेला, दिसायला चांगलं असलं तरी ठेवू नका. कपावर रोलरांच्या अंतराअंतरावर काळ्या रेघा असतील तर गाडी पाणी घेऊन बराच काळ उभी होती. त्याच अंतरावर रेघांऐवजी दबलेल्या खुणा असतील तर खड्ड्यात जोरदार आदळलीय. रेघ नखाला लागत नसेल तर एक वर्ष काढता येतं. लागत असेल तर बदला.

बदलायचं ते जोडीने, कप आणि कोन दोन्ही. नव्या कोनाला जुना कप दिला तर नवा कोन काही महिन्यांत जुना होतो.

दुकानात ‘जीपचं पुढचं बेरिंग द्या’ म्हणू नका, हातातल्या बेअरिंगवरचा नंबर सांगा. जुन्या विलीज हबमध्ये आत आणि बाहेर एकच माप येतं : कोन १८५९०, कप १८५२०. आतला व्यास ४१.२७५ मिमी, बाहेरचा ७३.०२५ मिमी. पण या गाड्यांचे एक्सल चाळीस-पन्नास वर्षांत इतके अदलाबदल झालेत की आपल्या हबमधून निघालेला नंबर हाच खरा. पेटीवरचा नाही, कडीवर कोरलेला नंबर वाचून घ्या.

कप बदलणं

कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो. हबच्या आत त्याच्या मागे पंच टेकवायला खाचा असतात. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असा थोडा थोडा ठोका. एकाच बाजूने ठोकला की तिरका होऊन हबच खरवडतो.

नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. (प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. घरच्यांना आधी सांगा.) हब दुपारच्या उन्हात तापत ठेवा. कप आकसतो, हब फुगतो, काम सोपं होतं. रुंद तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे दोन्ही कपांची अरुंद तोंडं हबच्या आत एकमेकांकडे. जुना कप उलटा वर ठेवून त्याच्यावर ठोका. त्याला आधी ग्राइंडरने आडवी चीर पाडून ठेवली तर तो हबमध्ये अडकून बसत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा असलेला टणक होतो. तो ऐकल्याशिवाय थांबू नका. एका बाजूला कागदाइतकी फट राहिली तरी पुढे चालून कप बसतो आणि तुम्ही जपून दिलेली मोकळीक दुप्पट होते.

ग्रीस भरणं

डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या. उजव्या हातात बेअरिंग, रुंद तोंड खाली. त्याची कड ग्रीसच्या गोळ्यावर दाबत ओढा, पुन्हा पुन्हा, रोलरांच्या मधून ग्रीस वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. एका बेअरिंगला चार-पाच मिनिटं लागतात. वरून चोपडलेलं ग्रीस म्हणजे पुरणपोळीला नुसतं तूप लावलं आणि पुरण विसरलो.

कपांना एक थर द्या. हबच्या पोटात दोन बेअरिंगांच्या मधे बोटभर जाडीचा थर, ग्रीस परत आत येत राहील इतका. पाण्यात जाणारे काही जण पोट गच्च भरतात. ते ग्रीस तापलं की फुगतं आणि सील ढकलून लायनरवर येतं. स्पिंडलला हलका हात फिरवा. त्याच्या पोटात शाफ्टसाठी पितळी बुश असेल तर तिथेही लावा. ती जागा सगळे विसरतात.

कोन स्पिंडलवर हाताने सरकायला हवा. ठोकून घालावा लागत असेल तर स्पिंडलवर ओरखडा आहे, बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घालवा.

आतलं बेअरिंग ठेवा, मग सील, ओठ बेअरिंगकडे. ओठाला ग्रीस लावा आणि लाकडाच्या ठोकळ्याने चौफेर सारखं बसवा. हब स्पिंडलवर सरळ सरकवा, तिरका गेला तर आटे नव्या सीलचा ओठ कापतात. बाहेरचं बेअरिंग, मग आतला नट.

नट आवळणं

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सैल राहिलं तर चाक निघेल अशी धास्ती, म्हणून नट हाताच्या पूर्ण ताकदीने आवळला. साखरप्याहून आंबा घाट चढताना जळका वास यायला लागला. उतरून बघितलं तर हबला हात लावता येईना, टोपीतून ग्रीस पाण्यासारखं गळत होतं. कोन निळा होऊन स्पिंडलवर घट्ट बसला होता, कापून काढावा लागला. टेपर बेअरिंग आवळलं गेलं की तापतं, तापलं की फुगतं, फुगलं की आणखी आवळतं.

म्हणून असं करा. ड्रम एका हाताने फिरवत राहा आणि आतला नट ५० फूट-पाउंडपर्यंत आवळा, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर. चाक जड फिरायला लागेल. हे आवळणं फक्त रोलर जागेवर बसावेत म्हणून आहे. फिरवणं थांबवू नका. उभ्या हबवर आवळलं तर रोलर तिरके राहतात आणि मोकळीक चुकते.

आता नट मागे घ्या, एकषष्ठांश फेरा. नट षटकोनी आहे, म्हणजे त्याची एक बाजू मागे. मोजायला काही लागत नाही. खडूने नटाच्या एका कोपऱ्यासमोर स्पिंडलच्या टोकावर खूण करा आणि पुढचा कोपरा तिथे येईपर्यंत सैल करा.

लॉक वॉशर घाला, जीभ स्पिंडलच्या खाचेत. नवी घ्या. एकदा वाकवून सरळ केलेली कड दुसऱ्यांदा तुटते. बाहेरचा नट पुन्हा ५० फूट-पाउंड. इथे बरेच जण थांबतात. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या फटीएवढा बेअरिंगकडे ढकलतो, आणि मोकळीक कमी होते. म्हणून पुन्हा तपासा : हब बोटाने ढकलल्यावर अडखळ न होता फिरायला हवा, आणि वर-खाली धरून हलवल्यावर प्ले जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका. जड वाटला तर बाहेरचा नट काढा, आतला किंचित मागे घ्या, पुन्हा लावा. दोनतीनदा करावं लागतं. जमल्यावर वॉशरची कड बाहेरच्या नटाच्या सपाट बाजूवर वाकवा.

हे आकडे या जीपच्या एक्सलचे. काही गाड्यांत, उदाहरणार्थ अखंड एक्सलच्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये, बेअरिंगला हलका दाब द्यायचा असतो आणि तो स्टडला स्प्रिंगचा वजनकाटा लावून ओढून मोजतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका, माझं नाही.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

शिम होते त्याच क्रमाने, गॅस्केट, फ्लँज, सर्कलिप. हब लॉकच्या आत बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबू नका, तो अडकतो. पातळ हात पुरे. ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा एकदा.

पाच किलोमीटर जाऊन या, शक्यतो ब्रेक कमी वापरत. दोन्ही हबना हात लावा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक गरम, दुसरा थंड, तर गरम बाजूचा नट पुन्हा बघा. हात टेकवता येत नसेल तर गाडी तिथेच थांबवा. नवे कप घातले असतील तर २००-३०० किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून प्ले तपासा, थोडा वाढलेला असतो.

पाण्यात न जाणाऱ्या गाडीला मी १५,००० ते २०,००० किलोमीटरला हे काम सांगतो. हब लॉक असलेल्यांनी महिन्यातून एकदा, मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर, हब लॉक करून आणि फोर-व्हील लावून दोन-तीन किलोमीटर चालवावं. हब कायम फ्री ठेवले तर पुढचं डिफरन्शियल फिरत नाही आणि वरच्या बाजूने कोरडं पडतं.

सीटखाली एका डब्यात मी एक कोन-कप, एक सील, दोन लॉक वॉशर आणि मोठ्या नटाचा पाना ठेवतो. कोन-कप जुनेच, बदलताना काढलेल्यांतले त्यातल्या त्यात बरे, धुऊन ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. आजवर त्यातला पानाच सगळ्यात जास्त वापरला गेलाय, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीला.